रायगड : राजधानीची पडझड आणि जतनाची वाटचाल

बारामतीजवळच्या पणदऱ्याच्या शिवारातून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी भोरच्या सह्याद्रीतून येते. नीरेचे उगमस्थान वरंधा घाटाच्या परिसरात आहे आणि हा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथून रायगड जवळच आहे. बारामती-इंदापूर भागाचा रायगडाशी संबंध मात्र केवळ वाटेपुरता नाही. पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीचे. स्वराज्याच्या पहिल्या हालचाली याच मुलखात झाल्या. सुप्याचे ठाणे महाराजांनी आपले नातलग संभाजी मोहिते यांच्याकडून घेतले ते याच काळात. ज्या राज्याची मुळे कऱ्हा-नीरेच्या खोऱ्यात रुजली, त्या राज्याचा अभिषेक रायगडावर झाला. म्हणून रायगडाची वाटचाल ही या मुलखाच्याही घरची गोष्ट आहे.

या वाटचालीत दोन कालखंड स्पष्ट दिसतात. पहिला राजधानी उभी राहण्याचा आणि ढासळण्याचा. दुसरा ती वाचवण्याचा. पहिला सर्वांना ठाऊक आहे. दुसरा त्याहून लांब, अधिक कष्टाचा आणि कमी सांगितला गेलेला आहे. त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी तो अजून चालूच आहे.

राजधानी उभी राहते

गडाचे जुने नाव रायरी. तो जावळीच्या चंद्रराव मोरे यांच्या ताब्यात होता. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच वर्षी रायरीही स्वराज्यात आली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीचा, सर्व बाजूंनी ताशीव कड्यांचा आणि माथ्यावर ऐसपैस सपाटी असलेला हा डोंगर राजधानीसाठी योग्य आहे, हे महाराजांनी हेरले. कोकणातली बंदरे येथून जवळ होती आणि घाटावर जाणाऱ्या वाटांवर नजर राहत होती. शत्रूच्या मोठ्या फौजेला मात्र सह्याद्रीच्या या बेचक्यात शिरणे अवघड होते.

बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकर यांच्यावर होती. त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या पाथरवटांनी, गवंड्यांनी, सुतारांनी, लोहारांनी आणि बेलदारांनी या डोंगरावर एक शहर वसवले. महादरवाजा असा बांधला की समोर आल्याशिवाय तो दिसत नाही. दोन प्रचंड बुरुज त्याला कवेत घेऊन उभे आहेत. वर राजसभा, नगारखाना, राणीवसा, अष्टप्रधानांचे वाडे, धान्य आणि दारूगोळ्याची कोठारे, दुकानांच्या दोन समोरासमोर रांगा असलेली बाजारपेठ आणि जगदीश्वराचे मंदिर उभे राहिले. पाण्यासाठी गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, कोळीम असे तलाव आणि खडकात खोदलेली टाकी होती. डोंगरमाथ्यावरच्या वस्तीचे आयुष्य पाण्यावर ठरते, हे दुष्काळी टापूतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गडाच्या बांधणीत दगड फोडून इमारत उभारणे आणि त्याच खाणीत पाणी साठवणे ही दोन्ही कामे एकत्र साधली गेली.

जगदीश्वराच्या मंदिराबाहेर हिरोजींचा शिलालेख आहे आणि पायरीवर त्यांचे नाव कोरलेले आहे. एवढे मोठे काम केलेल्या माणसाने आपले नाव भाविकांच्या पायाखाली यावे अशा जागी कोरले. गडाच्या जतनासाठी पुढे ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्यांच्यासाठी ही पायरी आदर्श ठरली.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, काशीच्या गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली महाराजांना राज्याभिषेक झाला. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या समारंभाला हजर होता. नगारखान्याजवळ उभे असलेले हत्ती एवढ्या अवघड चढणीवरून वर आले कसे, याचे त्याला नवल वाटले. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, जिजाबाईंनी पायथ्याच्या पाचाडला देह ठेवला. त्यांचा वाडा आणि समाधी तिथे आहे. ३ एप्रिल १६८० रोजी, चैत्र पौर्णिमेला, महाराजांचे गडावर निधन झाले. जगदीश्वराच्या मंदिरासमोर त्यांची समाधी उभारली गेली. जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांचा राज्याभिषेकही याच गडावर झाला.

हस्तांतर आणि होरपळ

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाल्यावर गडाला मोगलांचा वेढा पडला. येसूबाईंनी गड सांभाळला आणि राजाराम महाराजांना बाहेर पाठवले. ते पुढे जिंजीला पोहोचले आणि तिथून राज्याचा कारभार चालू ठेवला. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई आणि बाल शाहू कैदेत पडले. गडाचे नाव इस्लामगड ठेवले गेले आणि पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे सोपवण्यात आला. १७३३ मध्ये शाहू महाराजांच्या कारकिर्दीत मराठ्यांनी तो परत घेतला. मधली सुमारे ४४ वर्षे राजधानी परक्या हातात होती.

खरी पडझड झाली ती १८१८ मध्ये. लोहगड, विसापूर घेऊन कर्नल प्रॉथरची इंग्रज फौज रायगडाखाली आली. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होती. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा झाला आणि वाड्यांना आग लागली. लाकडी तुळया, खांब, छपरे, नक्षीकाम सारे जळून गेले. १० मे १८१८ रोजी गड इंग्रजांच्या हाती आला. त्यांना खजिन्यात सुमारे पाच लाख रुपये सापडले. वाड्यांचे मात्र चौथरे तेवढे उरले.

या आगीने एक गोष्ट कायमची ठरवून टाकली. रायगडावर आज जे उभे आहे ते दगडाचे आहे. लाकडाचे जे होते ते गेले. वाड्यांचे मजले किती होते, छपरांची ठेवण कशी होती, खांबांवर काय कोरले होते, हे नेमकेपणाने सांगणारे नकाशे हाती नाहीत. पुढे जतनाच्या प्रत्येक टप्प्यावर हा प्रश्न समोर आला आणि उरलेले टिकवणे हेच गडाच्या जतनाचे मुख्य सूत्र बनले.

झाडोऱ्यातली समाधी

इंग्रजी अमलात गड वनखात्याकडे गेला. वस्ती हटली. वड, पिंपळ आणि उंबराची मुळे चौथऱ्यांच्या सांध्यांत शिरली. पावसाळ्यात साडेतीनशे-चारशे सेंटिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या डोंगरमाथ्यावर बेवारस भिंतीला किती वर्षे लागतात ढासळायला? दोन पिढ्यांत बहुतेक इमारती झाडीत लपल्या. समाधीच्या चौथऱ्यावरही झाडे वाढली.

लोकांच्या मनातून गड गेला नव्हता. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध केला. फुले स्वतः रायगडावर गेले आणि त्यांनी समाधीची जागा साफ केली, अशी परंपरा सांगितली जाते. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रजी लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या ग्रंथात समाधीच्या दुरवस्थेबद्दल खंत व्यक्त केली. ज्या राजाने एवढे राज्य उभारले, त्याच्या समाधीकडे बघायला कोणी नाही, हे परक्याच्या लेखणीने लिहिले जावे, याची बोच पुण्याच्या विचारी मंडळींना लागली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत, १८८५ च्या सुमारास, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने हिराबागेत सभा झाली. सरकारकडे मागणी गेली आणि समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर झाले. रक्कम तुटपुंजी होती. पण सरकारने समाधीची दखल घेतली, एवढे तिने साधले.

स्मारक मंडळाची स्थापना

खरा टप्पा आला १८९५ मध्ये. लोकमान्य टिळकांनी केसरीतून समाधीच्या जीर्णोद्धाराचा विषय लावून धरला. ३० मे १८९५ रोजी पुण्यात हिराबागेत सभा भरली. जुने सरदार, संस्थानिक, वकील, प्राध्यापक आणि सामान्य नागरिक एकत्र आले. निधी जमवण्यासाठी समिती नेमली गेली आणि चिटणिसाचे काम टिळकांनी पत्करले. यातूनच श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळाची वाट सुरू झाली.

मंडळाने तीन उद्दिष्टे समोर ठेवली. समाधीवर छत्री बांधणे, गडावर दरवर्षी उत्सव भरवणे आणि त्यासाठी कायमचा निधी उभारणे. निधीची पद्धत विशेष होती. मोठ्या देणग्यांची वाट न पाहता आण्या-दोन आण्यांची वर्गणीही आनंदाने स्वीकारली गेली. केसरीत देणगीदारांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. शाळकरी मुले, कारकून, शेतकरी आणि गिरणी कामगार यांची नावे सरदारांच्या नावांच्या खालोखाल येत. आपल्या गावाचे नाव यादीत आले की पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावाची वर्गणी निघे. मंडळाचे भांडवल म्हणजे लोकांचा हा सहभाग होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते. त्यांनी आणि मदनमोहन मालवीय यांनी शिवस्मारकाच्या सभेत भाषणे केली. महाराष्ट्रातला विषय देशाच्या व्यासपीठावर गेला. १८९६ मध्ये गडावर पहिला उत्सव झाला. पाचाडपासून वर चढून गेलेल्या शेकडो माणसांनी कित्येक वर्षांनी राजधानीत गजर केला.

या उत्सवाचे पडसाद बंगालपर्यंत पोहोचले. देवघर भागात वाढलेले मराठी कुळातले बंगाली लेखक सखाराम गणेश देऊस्कर यांनी शिवचरित्राचा प्रसार तिकडे केला. त्यांच्या पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. १९०६ मध्ये टिळक कलकत्त्याला शिवाजी उत्सवासाठी गेले. एका डोंगरावरच्या समाधीच्या डागडुजीचे काम देशभरच्या जागृतीशी जोडले गेले ते असे.

तीस वर्षांची चिकाटी

उत्साहाने सुरू झालेले हे काम पूर्ण व्हायला मात्र तीस वर्षे लागली. वाटेत अडचणी अनेक आल्या.

१८९६-९७ मध्ये प्लेगने पुणे हादरले. जून १८९७ मधल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना तुरुंगवास घडला. जमलेली रक्कम ज्या बँकेत ठेवली होती, ती बँक बुडाली. निधी पुन्हा जमवावा लागला. सरकारच्या नजरेत शिवाजी उत्सव म्हणजे असंतोषाचे केंद्र, त्यामुळे गडावर काम करण्याची परवानगी मिळवणे हा वेगळाच लढा होता. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. १९१४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी कामाला पुन्हा हात घातला. पण १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही छत्री उभी राहिलेली नव्हती.

मधल्या काळात एक अनुकूल बदल झाला होता. १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. जुन्या वास्तूंची देखभाल आता पुरातत्त्व खात्याच्या कक्षेत आली. टिळकांनंतर न. चिं. केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडळाचा पाठपुरावा चालू ठेवला. अखेर पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, मंडळाने जमवलेला पैसा आणि सरकारचा वाटा यांतून समाधीचे काम हाती घेतले गेले. १९२६ मध्ये अष्टकोनी चौथऱ्यावर आजची छत्री पूर्ण झाली.

काम जुन्या चौथऱ्यावर झाले. मूळ जागा हलवली नाही. गडाच्या दगडाशी मिळतीजुळती बांधणी ठेवली गेली. रायगडावरच्या पुढच्या सर्व जतनकामाला या निर्णयांनी पाया घालून दिला. छत्री पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह रायगड पाहून आले. समतेच्या लढ्याचे नेतेही या गडाकडे वळले, ही या वाटचालीतली महत्त्वाची नोंद आहे.

मंडळाने उत्सव थांबवला नाही. चैत्र पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी गडावर पाळण्याची परंपरा रूढ झाली आणि ती आजही चालू आहे. हनुमान जयंतीच्या या दिवशी जगदीश्वराच्या मंदिरात पूजा, समाधीला अभिवादन, पालखी आणि सभा होते.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर रायगड केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत राहिला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे त्याची देखभाल आली. दरवाजे, बुरुज आणि तटबंदी यांची डागडुजी, तलावातला गाळ काढणे, वाटा मोकळ्या करणे ही कामे टप्प्याटप्प्याने झाली. कामाची गती कमी होती आणि निधी त्याहून कमी. पण दरवर्षीचा पाऊस सोसून गड उभा राहिला तो या सततच्या निगराणीमुळे.

या काळात अभ्यासकांनी गडाला शब्दांत जपले. शांताराम विष्णू आवळसकर यांनी १९६२ मध्ये रायगडची जीवनकथा लिहिली. गो. नी. दांडेकर वर्षानुवर्षे गडावर जात राहिले आणि त्यांच्या लेखनाने तरुणांना गडवाटेला लावले. वास्तुरचनेच्या अंगाने गडाचे वाचन करणारे अभ्यासक पुढे आले. गडाचे मोजमाप, तलावांची नोंद, वाड्यांच्या जोत्यांची तपासणी यांतून पुढच्या जतनकामाला लागणारी माहिती गोळा होत गेली.

लोकांच्या सहभागाचे दोन मोठे टप्पे याच काळात आले. १९७४ मध्ये राज्याभिषेकाची तीनशे वर्षे साजरी झाली. त्यानंतर ६ जूनला गडावर राज्याभिषेक सोहळ्याची परंपरा वाढत गेली. आज या दिवशी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, बारामती-इंदापूरच्या गावांतूनही, तरुणांचे जथे पायी, दुचाकीवर आणि एसटीने गडावर पोहोचतात. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. राजसभेतल्या सिंहासनाच्या जागी मेघडंबरी उभी राहिली. १९९६ मध्ये हिरकणीवाडीपासून रोपवे सुरू झाला. ज्या म्हाताऱ्या माणसांना चौदाशेहून अधिक पायऱ्या चढणे झेपत नव्हते, त्यांना काही मिनिटांत माथा गाठता येऊ लागला.

गडाच्या पायथ्याच्या पाचाड, रायगडवाडी, हिरकणीवाडी या वस्त्यांचा उल्लेख या वाटचालीत टाळता येणार नाही. गडावर ताक, भाकरी-पिठले देणाऱ्या बाया, वाटाडे, डोली वाहणारे, सामान डोक्यावर घेऊन चढणारे हमाल यांच्याविना एकही उत्सव आणि एकही जतनकाम पार पडले नसते.

रायगड विकास प्राधिकरण

२०१७ मध्ये नवा अध्याय सुरू झाला. राज्य सरकारने रायगड विकास प्राधिकरणाची स्थापना केली. सुमारे ६०६ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. अध्यक्षपद छत्रपती संभाजीराजे यांच्याकडे देण्यात आले. गडावरील संरक्षित वास्तूंचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या नियमांनुसार आणि पायथ्याच्या सुविधांचे काम प्राधिकरणाकडून, अशी रचना ठरली.

या टप्प्यात हत्ती तलावाचे काम लक्षणीय ठरले. या तलावाच्या भिंतीला गळती होती. पावसाळ्यात पाणी भरे आणि काही दिवसांत निघून जाई. गळतीच्या जागा शोधून, जुन्या पद्धतीच्या चुन्याने सांधे भरून ती बंद करण्यात आली. २०२० च्या पावसाळ्यात अनेक वर्षांनी तलाव काठोकाठ भरला. गडप्रेमींनी त्याचे छायाचित्र गावोगाव पोहोचवले.

चुन्याचा आग्रह का, हे समजून घेण्यासारखे आहे. सिमेंट लवकर कठीण होते, पण त्यात पाणी कोंडते आणि ते दगडाला आतून खाते. चुना हवा खेळती ठेवतो आणि दगडाच्या हालचालीसोबत थोडा वाकतो. कळीचा चुना भिजत घालायचा, चुन्याच्या घाणीत मळायचा, वाळू-सुरखीबरोबर एकजीव करायचा. गूळ, बेलफळ असे चिकट पदार्थ त्यात मिसळण्याची जुनी रीत होती. असा चुना तयार व्हायला दिवस लागतात आणि बांधकामाला लावल्यावर घट्ट व्हायला आणखी काळ लागतो. घाईच्या कंत्राटात तो बसत नाही. म्हणून जतनाचे काम नव्या बांधकामापेक्षा हळू चालते. गवंड्यांना ही पद्धत पुन्हा शिकवावी लागली, हाही या टप्प्याचा मोठा लाभ.

उत्खननातून गडाच्या रोजच्या जीवनाच्या खुणा बाहेर आल्या. वाड्यांची जोती, कौलांचे तुकडे, भांडी आणि अन्य वस्तू सापडल्या. एप्रिल २०२१ मध्ये सोन्याची बांगडी सापडली आणि २०२५ मध्ये ग्रहगणितासाठी वापरले जाणारे यंत्रराज हाती आले. इतिहासाच्या पुस्तकात नसलेले राजधानीचे घरगुती रूप यातून दिसू लागले.

अडचणी कमी झाल्या नाहीत. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला आणि जवळच्या तळिये गावावर दरड कोसळून अनेक माणसे गेली. जुलै २०२४ मध्ये गडावर ढगफुटीसारखा पाऊस झाला, पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा उतरला आणि पर्यटक अडकून पडले. गड काही काळ बंद ठेवावा लागला. डोंगर उतारांची स्थिरता, पाण्याचा निचरा आणि गर्दीचे नियोजन हे प्रश्न आता जतनाच्या केंद्रस्थानी आले आहेत.

नव्याने बांधायचे की आहे ते टिकवायचे

या काळात वाड्यांची पुनर्बांधणी करावी का, हा प्रश्न वारंवार विचारला गेला. जगात याची उदाहरणे आहेत. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यात राजा चौथ्या जेम्सने बांधलेले भव्य दालन होते. पुढे सैन्याने त्याचे बराकीत रूपांतर केले. सैन्य १९६४ मध्ये निघून गेल्यावर अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर ते मूळ रूपात आणले गेले. ओकच्या लाकडाचे छप्पर पुन्हा घातले गेले, भिंतींना पिवळसर चुन्याचा लेप देण्यात आला आणि १९९९ मध्ये दालन लोकांसाठी खुले झाले.

स्टर्लिंगला हे शक्य झाले कारण भिंती उभ्या होत्या आणि मूळ रचनेचे पुरावे हाती होते. रायगडाचे तसे नाही. १८१८ च्या आगीनंतर उरलेल्या जोत्यांवरून मजले उभारले, तर ते अंदाजाचे ठरतील. म्हणून उरलेला दगड टिकवणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे, उत्खननाने माहिती मिळवणे आणि ती अभ्यागतांपुढे मांडणे हा मार्ग योग्य ठरला. गडावरचा प्रत्येक चौथरा हा पुरावा आहे. तो जसा आहे तसा जपणे हाच त्याचा सन्मान.

जागतिक वारसा

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले ११ किल्ले आहेत. बारावा तमिळनाडूतला जिंजी. १६८९ मध्ये रायगडावरून निघून राजाराम महाराज ज्या किल्ल्यावर पोहोचले आणि जिथून राज्य टिकवले गेले, तोच जिंजी रायगडासोबत या यादीत आला, हा योग इतिहासाला शोभणारा आहे.

या सन्मानामागे राज्याचे पुरातत्त्व खाते, केंद्राचा सर्वेक्षण विभाग, अभ्यासक, वास्तुविशारद, गडसंवर्धन करणाऱ्या शेकडो संस्था आणि सुट्टीच्या दिवशी तटावरची झुडपे काढणारे, प्लॅस्टिक गोळा करणारे स्वयंसेवक यांचे काम आहे. या दर्जाबरोबर जबाबदारीही आली. ठरावीक काळाने अहवाल द्यावा लागतो. बांधकामावर निर्बंध येतात. गर्दी वाढते. गडाची धारणक्षमता, पाणी, कचरा आणि पायथ्याच्या गावांचे उत्पन्न यांचा मेळ घालणे हे आजच्या पिढीचे काम आहे.

पुढची पाळी

रायगडाच्या वाटचालीकडे पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. कोणत्याही एका पिढीला काम पूर्ण करता आले नाही. रानड्यांनी सुरुवात केली, टिळकांनी निधी जमवला पण छत्री त्यांच्या हयातीत झाली नाही. केळकरांच्या काळात ती पूर्ण झाली, तेव्हा गडाचा बाकी भाग ढासळतच होता. अभ्यासकांनी नोंदी केल्या, पण उत्खनन पुढे झाले. नीरा डाव्या कालव्यावर पाण्याची पाळी जशी एका शेतकऱ्याकडून पुढच्याकडे जाते, तसे हे काम हातोहात पुढे गेले. प्रत्येकाने आपल्या पाळीत आपले बारे दिले आणि पाणी वेळेवर पुढच्यासाठी सोडले.

म्हणूनच बारामती आणि इंदापूरसारख्या मुलखात, जिथे जुन्या गढ्या, वाडे आणि शिलालेख अजून उभे आहेत, रायगडाचा अनुभव मार्गदर्शक आहे. इंदापूरची मालोजीराजांची गढी असो की बारामतीतला बाबूजी नाईकांचा वाडा, पहिले पाऊल नोंदीचे आहे. भिंतीचे मोजमाप, शिलालेखाचे छायाचित्र, विहिरीची खोली, जुन्या माणसांच्या आठवणी हे आधी लिहून ठेवले पाहिजे. दुसरे पाऊल पाण्याचे. कोणत्याही जुन्या वास्तूचा पहिला शत्रू तिच्यात मुरणारे पाणी आणि सांध्यात शिरणारे झाडाचे मूळ. तिसरे पाऊल लोकांचे. १८९५ च्या सभेत जशी आण्या-दोन आण्यांची वर्गणी निघाली, तशी आजही गावाची साथ लागते. शासनाची परवानगी, पुरातत्त्व खात्याचे मार्गदर्शन आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी या तिन्हींशिवाय जुन्या भिंतीला हात लावू नये, हे रायगडाने शिकवले आहे.

आज श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ सव्वाशेहून अधिक वर्षांचे झाले आहे. रायगड विकास प्राधिकरणाच्या कामाचा पुढचा टप्पा चालू आहे. गड जागतिक वारसा ठरला आहे. चैत्र पौर्णिमेची पुण्यतिथी आणि जूनचा राज्याभिषेक सोहळा वर्षानुवर्षे भरत आहेत. १८१८ मध्ये ज्या राजधानीचे फक्त दगड उरले होते, त्या दगडांना आज जगाच्या नकाशावर मान मिळाला आहे. हा मान जपण्यासाठी गडाच्या तटावरची पुढची पडझड वेळेवर थांबवणारी, तलावातला पुढचा गाळ काढणारी आणि पुढच्या उत्खननाच्या नोंदी नेटकेपणाने करणारी माणसे हवीत. ती घडवण्याचे काम मंडळाचे, खात्याचे आणि गावागावातल्या शाळांचे आहे. रायगडाची वाटचाल त्यांच्या भरवशावर पुढे चालू राहणार आहे.